जुलैची रात्र आणि दवंड्याचा डोंगर

आषाढांत लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उभें राहिलें म्हणजे समोरचा डोंगर जागेवर आहे कीं नाहीं, असा प्रश्न पडतो. सकाळीं ज्या ठिकाणीं राजमाचीचा जोडकिल्ला दिसत होता तेथें दुपारीं पांढऱ्या धुक्याची भिंत उभी असते. लोहगड आणि विसापूर ढगांत बुडालेले असतात, तुंग आणि तिकोना यांचा पत्ता नसतो. मावळांतला गुराखी अशा वेळीं घाई करीत नाहीं. आपण कोठें उभे आहोंत याची खात्री झाल्यावांचून तो कड्याच्या अंगाला पाऊल टाकीत नाहीं. डोंगर दिसत नाहीं म्हणून तो तेथें नाहीं, असें त्याला कधींच वाटत नाहीं.

याच सह्याद्रीच्या एका माथ्यावर १९६२ च्या जुलै महिन्यांतील एका रात्रीं ९४ माणसें एका क्षणांत मृत्यु पावलीं. तीं एका मोठ्या जेट विमानांतून मुंबईस येत होतीं. त्या अपघाताची सरकारी चौकशी झाली आणि चौकशीनें त्याचें कारणहि ठरविलें. तरीदेखील त्या अपघाताचा उलगडा झाला आहे असें म्हणतां येत नाहीं. कारण ठरणें ही एक गोष्ट आणि उलगडा होणें ही दुसरी. या दोहोंमध्यें किती अंतर असतें, हें त्या रात्रीच्या हकीकतीवरून जितकें कळतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल.

प्रथम त्या मुलुखाची ओळख करून घेतली पाहिजे. आज मावळ म्हटलें कीं वडगांव, तळेगांव, कामशेत आणि लोणावळें यांचा तालुका डोळ्यांपुढें येतो. जुन्या काळीं मात्र या शब्दाची व्याप्ति मोठी होती. सूर्य मावळतो त्या बाजूचा डोंगराळ मुलूख तो मावळ. पुण्याखालचीं बारा मावळें आणि जुन्नराखालचीं बारा मावळें, असें बोलण्याचा प्रघात होता. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ हीं नांवें आजहि लोणावळ्याच्या आसपास ऐकूं येतात; तशींच उत्तरेस जुन्नराकडे कुकडनेर, मिन्नेर हीं नद्यांवरून पडलेलीं खोऱ्यांचीं नांवें आहेत. पुणें जिल्ह्याची सारी पश्चिम कड ही अशी डोंगरांनीं भरलेली आहे. कोंकणांतून पाहिलें तर ती सरळ तटासारखी उठलेली दिसते. लोणावळें समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आहे. लोहगडाचा माथा ३,३०० फुटांच्या वर आहे. आणि जुन्नराच्या उत्तरेस, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, हरिश्चंद्रगड ४,६०० फुटांच्याहि वर गेलेला आहे. उलट मुंबईचा सांताक्रूझ येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस फूट उंचीवर. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या प्रत्येक विमानाला हा तट ओलांडून मगच खालीं यावें लागतें. तट ओलांडण्यापूर्वीं खालीं येण्यास परवानगी नाहीं; ती सरकारनें नव्हे, निसर्गानेंच नाकारलेली आहे.

ज्यांनीं या भागांत प्रथम टपालाचीं विमानें चालविलीं त्यांना सह्याद्रीचा आणि पावसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें. तेंच पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासला पोंचविलें. विमान होतें एका इंजिनाचें, लहानसें पस मॉथ. जुहूचें मैदान समुद्राकाठचें; पावसाळा लागला कीं तेथें पाणीच पाणी होई. मग टाटांची मंडळी आपला सारा संसार उचलून पुण्यास येत आणि येरवड्याच्या मैदानावरून टपालाची ने-आण करीत. त्या विमानांचा वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास. वैमानिक खालची नदी, रेल्वेचा रूळ, देवळाचें शिखर डोळ्यांनीं पाहून वाट काढी. त्याच्याजवळ यंत्रें थोडीं होतीं. परंतु वेळ भरपूर होता. चूक झालीच तर ती ओळखून मागें फिरण्याइतका अवधि त्याला मिळत असे.

तीस वर्षांनंतर परिस्थिति उलटी झाली होती. यंत्रें पुष्कळ झालीं होतीं आणि अवधि उरला नव्हता.

इटलीच्या अलितालिया कंपनीचें तें विमान डग्लस डीसी-८ जातीचें, चार जेट इंजिनांचें होतें. प्रवासी वाहतुकींत जेट विमानें येण्याचा तो आरंभींचाच काळ; डीसी-८ ची पहिली प्रवासी फेरी होऊन तेव्हां तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. फेरी क्रमांक ७७१ ही सिडनीहून निघून डार्विन, बँकॉक, मुंबई, कराची व तेहरान असे मुक्काम करीत रोमला जावयाची होती. विमानांत ८५ उतारू आणि ९ कर्मचारी होते. ६ जुलैच्या रात्रीं बँकॉकहून निघालेलें तें विमान बंगालचा उपसागर ओलांडून, दख्खनच्या पठारावरून मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या टापूंत आलें. आषाढाचा शुद्ध पक्ष नुकताच लागलेला. कोवळी चंद्रकोर केव्हांच मावळली होती. घाटावर पावसाळी ढगांचें छत होतें. मुंबईच्या नियंत्रकांशीं विमानाचें बिनतारी संभाषण चाललें होतें. उंचावरून खालीं येण्यास आरंभ झाला होता आणि धावपट्टीवर कोणत्या पद्धतीनें यावयाचें याविषयीं विचारपूस होत होती. विमानांत जें चाललें होतें तें मुक्काम जवळ आल्याचें नेहमींचें काम होतें.

७ जुलैचा दिवस घड्याळांत नुकताच सुरू झाला होता. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तें विमान जुन्नरच्या डोंगराळ भागांत, सरकारी कागदांत ज्याला दवंड्याची टेकडी म्हटलें आहे त्या डोंगरावर, सुमारें ३,६०० फूट उंचीवर आदळलें. मुंबई तेथून ८४ किलोमीटर, म्हणजे सुमारें ५२ मैल दूर होती. विमानांतील एकहि माणूस वांचला नाहीं.

चौकशीचा निष्कर्ष थोडक्यांत असा. मार्गनिश्चितींत चूक झाली; त्या चुकीमुळें वैमानिकाला आपण आहोंत त्याहून मुंबईच्या जवळ आलों आहोंत असें वाटलें; आणि म्हणून तो ढगांतून, रात्रीच्या वेळीं, सरळ धावपट्टीच्या रोखानें वेळेपूर्वींच खालीं उतरला. याला हातभार लावणाऱ्या तीन गोष्टी चौकशीनें सांगितल्या. आपलें नेमकें ठिकाण जाणून घेण्याचीं जीं साधनें उपलब्ध होतीं त्यांचा वैमानिकानें उपयोग केला नाहीं. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचा भंग झाला. आणि त्या मार्गावरील भूप्रदेश वैमानिकाच्या परिचयाचा नव्हता.

हा निष्कर्ष खोटा आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. विमान चुकीच्या ठिकाणीं खालीं आलें, हें तर डोंगरच सांगतो. परंतु निष्कर्ष वाचून झाल्यावर कोणाहि विचारी माणसाच्या मनांत जो पहिला प्रश्न येतो त्याला त्यांत उत्तर नाहीं. आपण मुंबईच्या जवळ आहोंत, असें त्या माणसाला कां वाटलें? अनुभवी माणसें विमान चालवीत होतीं. आपल्याहि जिवाची काळजी त्यांना होती. मग पन्नास मैलांचा फरक त्यांच्या ध्यानांत कां आला नाहीं? वैमानिककक्षांतील बोलणें टिपून ठेवणारें यंत्र त्या काळीं विमानांत सक्तीचें झालेलें नव्हतें. त्यामुळें जमिनीशीं झालेलें संभाषण मागें राहिलें. आपसांत झालेलें संभाषण त्या माणसांबरोबरच गेलें. त्यांनीं नकाशावर कोठें बोट ठेवलें असेल, कोणता आंकडा चुकीचा धरला असेल, कोणाला शंका आली असेल काय, हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं.

जें सांगतां येतें तें एवढेंच कीं, अशी चूक होण्यास त्या काळच्या उड्डाणांत पुष्कळ जागा होती. पहिली गोष्ट उंचीची. विमानांतील उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून चालतें. तें समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितें. विमानाच्या पोटाखालीं डोंगर आहे कीं मैदान, हें त्याला ठाऊक नसतें. ३,६०० फुटांचा आंकडा कल्याणच्या मैदानावर दिसला तर तो सुरक्षित. तोच जुन्नराच्या डोंगरांत दिसला तर तो काळाचा आंकडा. कांटा दोन्हीं ठिकाणीं सारखाच. त्याचा अर्थ ठरविण्यासाठीं आपण कोठें आहोंत हें आधीं माहीत असावें लागतें.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. विमानतळाकडून येणारा बिनतारी संकेत दिशा सांगतो. नुसत्या दिशेवरून अंतर कळत नाहीं. मुंबई समोर आहे हें कांट्यानें सांगितलें तरी ती दहा मैलांवर आहे कीं पन्नास मैलांवर, हें त्याच कांट्यावरून कसें समजावें? अंतर सांगणारें वेगळें साधन नसेल, अगर असून त्याचा उपयोग केला नसेल, तर शेवटीं घड्याळ आणि वेग यांचा हिशेब उरतो. या हिशेबांत जेट विमानाचा वेग घातला म्हणजे काय होतें तें पाहावें. वरच्या उंचीवर असें विमान मिनिटाला सुमारें पंधरा किलोमीटर जातें. ८४ किलोमीटरांचें अंतर त्याच्या दृष्टीनें पुरतीं सहा मिनिटेंहि नाहींत. टाटांच्या पस मॉथला तेवढ्याच अंतरासाठीं अर्धा तास लागला असता. अर्ध्या तासाची चूक सहसा कोणी करीत नाहीं. परंतु सहा मिनिटांची चूक होण्यास एखादा विसरलेला फेरहिशेब पुरेसा होतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्याकडील पावसाळ्यांत जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून वाहतो. हाच वारा घाटावर पाऊस आणतो. पण फार उंचावर याच दिवसांत वारा उलट, म्हणजे पूर्वेकडून वाहत असतो. बँकॉकहून मुंबईकडे येणाऱ्या विमानाला वर असेपर्यंत वारा पाठीवर मिळतो, आणि तें खालीं उतरूं लागलें कीं तोच समोरून येऊं लागतो. वरच्या वाऱ्याच्या भरंवशावर धरलेला हिशेब खालीं चुकीचा ठरतो, आणि ठरतो तो नेमका अशा बाजूनें कीं विमान प्रत्यक्षांत मागें असतें आणि कागदावर पुढें. त्या रात्रीं असेंच घडलें, असा याचा अर्थ नव्हे. जुलैमध्यें सह्याद्रीवर वेळ आणि अंतर यांचा हिशेब किती अंगांनीं चुकूं शकतो, एवढेंच यावरून दिसतें.

आतां या एका अपघातावरून दृष्टि थोडी मागेंपुढें न्यावी. १२ जुलै १९४९ रोजीं, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीं, हॉलंडच्या के. एल. एम. कंपनीचें ‘फ्रानेकर’ नांवाचें कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरण्याच्या बेतांत असतां घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें. टेकडीची उंची सातशें फुटांहूनहि कमी. पाऊस कोसळत होता आणि ढग टेकडीपर्यंत उतरले होते. ४५ माणसें मेलीं; त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परत निघालेले तेरा अमेरिकन वृत्तपत्रकार होते. डच सरकारनें इंडोनेशियांत आदल्या डिसेंबरांत केलेल्या लष्करी कारवाईमुळें भारतानें या कंपनीच्या विमानांना आपलें आकाश बंद केलें होतें. ती कटुता ताजी होती. शिवाय अवघ्या एकोणीस दिवसांपूर्वीं याच कंपनीचें याच जातीचें दुसरें विमान इटलींतील बारीजवळ समुद्रांत पडून ३३ माणसें बुडालीं होतीं, आणि त्याचें कारण शेवटपर्यंत निश्चित झालें नाहीं. अशा वेळीं घातपाताची कुजबुज उठावी यांत नवल नाहीं. जेथें उलगडा थांबतो तेथें अफवा चालूं लागते. घाटकोपरला घातपाताची गरज नव्हती. पाऊस, ढग आणि टेकडी हीं तिघें पुरेशीं होतीं.

पुढें ४ ऑगस्ट १९७९ रोजीं इंडियन एअरलाइन्सचें एक विमान पुण्याहून मुंबईस निघालें. हा मार्ग म्हणजे अगदीं लोणावळ्याच्या घाटाचाच शेजार. आगगाडी १८६३ पासून हा घाट बोगद्यांतून, चढाव मोजीत, सांभाळून उतरते. विमानाला त्यासाठीं कांहीं मिनिटें लागतात. खराब हवेंत तें विमान पनवेलच्या बाजूच्या डोंगरांत आदळलें आणि त्यांतील ४५ माणसें प्राणांस मुकलीं.

१९४९, १९६२ आणि १९७९. विमानें तीन जातींचीं, कंपन्या तीन देशांच्या, वैमानिक वेगळे. समान काय होतें? मुंबईचा विमानतळ, त्याच्या पूर्वेचे डोंगर, आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस. प्रत्येक वेळीं एका माणसाची चूक शोधली तर ती सांपडते. कारण चूक नाहीं असा माणूस नाहीं. परंतु तोच अपघात त्याच ऋतूंत, त्याच डोंगरांच्या पायरीवर पुन्हां पुन्हां होत असेल तर ‘वैमानिकाची चूक’ हें त्याचें उत्तर नव्हे. तें प्रश्नाला दिलेलें दुसरें नांव होय. रोग्याला ताप आला आहे असें सांगणारा वैद्य खोटें बोलत नसतो; पण ताप कां आला हें त्यानें अद्याप सांगितलेलें नसतें.

हा प्रश्न पुढें जगांत अन्यत्र अधिक नेटानें विचारला गेला. १ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळ उतरणारें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें एक विमान ढगांतून वेळेपूर्वीं खालीं आलें आणि व्हर्जिनियांतील एका डोंगरावर आदळून ९२ माणसें मेलीं. दवंड्याच्या डोंगराचीच ही दुसरी आवृत्ति. तेथेंहि वैमानिकाला दोष देऊन मोकळें होतां आलें असतें. परंतु चौकशींत असें दिसून आलें कीं, नियंत्रकानें दिलेल्या परवानगीचा अर्थ नियंत्रक एक समजत होता आणि वैमानिक दुसरा. उतरण्यास परवानगी मिळाली म्हणजे खालच्या डोंगराची काळजी कोणी घ्यावयाची, हें दोघांनींहि दुसऱ्यावर सोडलें होतें. हा खुलासा झाल्यावर सुधारणेला वाट मिळाली. परवानगीच्या शब्दांचे नियम स्पष्ट झाले. आणि त्याच महिन्यांत अमेरिकन सरकारनें मोठ्या प्रवासी विमानांवर एक नवें यंत्र बसविण्याची सक्ति केली.

त्या यंत्रामागें डॉन बेटमन नांवाच्या अभियंत्याचे परिश्रम होते. विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे बिनतारी लहरी सोडून, त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून खालची जमीन किती जवळ आहे, हें तें ठरवितें. आणि जमीन धोक्याच्या वेगानें वर येऊं लागली तर वैमानिकाला मोठ्यानें बजावतें. पुढें १९९० नंतर त्याला साऱ्या जगाच्या भूप्रदेशाचा नकाशा जोडण्यांत आला. आतां तें केवळ खालीं नव्हे, पुढेंहि पाहूं शकतें. ढगाआड डोंगर असेल तर डोंगर येण्यापूर्वींच त्याची सूचना मिळते. असें यंत्र सर्वत्र पसरल्यापासून, चालतें-बोलतें निर्दोष विमान डोंगरावर जाऊन आदळण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले. एके काळीं प्रवासी विमानांतील मृत्यूंचें हेंच मोठें कारण होतें.

सूक्ष्म दृष्टीनें पाहिलें तर या यंत्रानें नवीन असें काय केलें? माणसाची चूक त्यानें नाहींशी केली नाहीं. माणूस आजहि घड्याळ चुकतो, आंकडा चुकतो, वाऱ्याचा हिशेब विसरतो. यंत्रानें एवढेंच केलें कीं चूक आणि मृत्यु यांच्यामध्यें थोडा अवधि घातला. पस मॉथच्या वैमानिकाला जो अवधि त्याच्या संथपणामुळें आपोआप मिळत होता, तो वेगानें हिरावून नेला होता. तोच पुन्हां मिळवून द्यावा लागला. १९६२ च्या त्या रात्रीं असा अर्ध्या मिनिटाचा अवधि मिळाला असता तर काय झालें असतें, हा विचार मनाला चटका लावून जातो. ८५ उतारूंपैकीं बहुतेक जण त्या वेळीं झोंपेंत असतील, अगर मुंबईचे दिवे केव्हां दिसतात म्हणून खिडकींतल्या काळोखाकडे पाहत असतील. त्यांच्या बाजूनें कोणतीच चूक झाली नव्हती. त्यांच्या वतीनें ‘कां?’ हा प्रश्न विचारण्याचें काम मागें राहिलेल्यांचेंच होतें.

जुन्नराचे ते डोंगर आज पावसाळ्यांत हिरवे होतात, नाणेघाटाकडे जाणारे प्रवासी त्यांच्या पायथ्याजवळून जातात, आणि वरून रात्रंदिवस विमानें मुंबईकडे उतरत असतात. त्यांतल्या कोणालाहि खालीं दवंड्याचा डोंगर आहे हें जाणवत नाहीं. त्याला कारण डोंगर खचला हें नव्हे, किंवा माणूस अचूक झाला हेंहि नव्हे. डोंगर दिसत नसला तरी तो आहे, असें धरून चालण्याची मावळच्या गुराख्याची जी रीत, ती विमानविद्येनें शेवटीं आपल्या यंत्रांत आणि नियमांत उतरवून घेतली, हें त्याचें कारण होय. तिची किंमत मात्र फार मोठी पडली. आणि त्या किंमतीचा एक वांटा सह्याद्रीच्या या माथ्यावर चुकता झाला आहे.